मंगळवारचं धरायचं नाही

यशोदाताई मुळ्यांना कुणी नवीन माणूस भेटला, की त्या गावाआधी काम विचारतात. काम कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘बघायला येऊ का?’ असं करत करत त्यांनी सोलापुरातले टॉवेलचे कारखाने, रक्त तपासायच्या प्रयोगशाळा, दोन छापखाने आणि एक शीतगृह आतून बघून घेतलं आहे. त्यांचे यजमान गंगाधरराव म्हणतात, हिला लग्नाला घेऊन जाण्यात अर्थ नाही, जेवणाच्या वेळी ही आचाऱ्यापाशी उभी असते आणि त्याच्या हाताखाली किती माणसं आहेत ते विचारत असते.

ही सवय त्यांना उगाच लागलेली नाही. साखर पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथं ‘पुढची पायरी’ ही त्यांची संस्था चालते. शिकलेल्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, त्यांच्या शिक्षणाशी जुळणारं काम मिळवून द्यायचं, हा संस्थेचा उद्योग. त्याआधी चोवीस वर्षं त्या एका हायस्कुलात क्लार्क होत्या. शाळा सोडल्याचे हजारो दाखले त्यांनी हातानं लिहिले, आणि ती पोरं दाखला घेऊन पुढं कुठं गेली याचा पत्ता मात्र त्यांना कधी लागला नाही. हे त्यांच्या मनाला इतकं लागलं की पन्नाशीच्या अलीकडेच त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

सुरुवातीची चार वर्षं त्यांनी सगळे करतात तेच केलं. करिअर मेळावे भरवले, तक्ते लावले, पुण्याहून पाहुणे बोलावले. मुली टाळ्या वाजवायच्या, कामही मिळायचं, आणि महिना उलटायच्या आत घरी बसायच्या. का, ते कुणी सांगेना. शेवटी माढ्याच्या एका मुलीच्या घरी ताई जाऊन धडकल्या, तेव्हा तिच्या वडलांनी सरळ सांगितलं, “ताई, पोरगी रोज सातला निगती, ती कुटं जाती हे मी बघितलंच न्हाय. गावात कुनी इचारलं तर काय सांगू?”

परतीच्या गाडीत ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी द्यायची म्हटलं की आपल्याकडं आधी घर बघायला जातात. दोन जाणती माणसं जातात, पाणी मागतात, परसदारी नजर टाकतात. मग जिथं मुलगी दिवसाचे आठ तास काढणार, ती जागा कुणी नको का बघायला? तेव्हापासून संस्थेचा नियम झाला. घरची दोन माणसं कामाची जागा बघून आल्याशिवाय मुलगी रुजू होणार नाही. अर्जाच्या शेवटी तशा दोन ओळीच छापून घेतल्या: ‘घरून येऊन बघून गेलेली माणसं.’ नियम लागू झाल्यावर मुली टिकायला लागल्या आणि ताईंचा या नियमावर भलताच जीव जडला.

त्या नियमाची खरी परीक्षा घेतली ती वळसंगच्या दगडाबाईंनी.

दगडाबाईंची भाची संस्कृती आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडली होती. वर्गात चार मुली, त्यात लोखंड कातायच्या लेथवर हात बसलेली ही एकटी. तरी वर्ष झालं घरीच होती, गावातल्या लोकांचे मोबाइलवर अर्ज भरून देत. ताईंनी तिच्यासाठी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत महेश्वरअण्णांच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसची जागा मिळवली होती. तिथं पंपांचे आणि यंत्रमागांचे सुटे भाग बनतात. जागा एकच, आणि नाव नोंदवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. ती चुकली की पोरीचं आणखी एक वर्ष गेलं, आणि वर्षभर पडून राहिलेला हात मग पहिल्यासारखा चालत नाही, हे संस्कृतीनंच ताईंना सांगितलं होतं. फार बोलणारी नव्हती ती. एवढं मात्र तिनं दोनदा सांगितलं.

तिचे वडील मानसिंग साधा माणूस. घरातला निर्णय त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे दगडाबाईंचा. त्यांची ख्याती पंचक्रोशीत होती. भावकीतल्या कुठल्याही पोरीचं ठरायच्या आधी घर बघायला त्यांनाच नेत, आणि आजवर त्यांनी सात घरं नाकारली होती. एक तर नुसतं माठावरचं झाकण उचलून बघून. अशी बाई बघायला येणार म्हटल्यावर ताईंनी अण्णांना फोन केला आणि आयुष्यात करू नये ते केलं. म्हणाल्या, “अण्णा, मुलीकडचे घर बघायला येतायत असंच समजा. जरा नीट दिसू द्या.”

महेश्वरअण्णा सरळ माणूस. त्यांनी तसंच समजलं.

मंगळवारी मंडळी पोचली तर वर्कशॉपच्या दारात रांगोळी. आत सतरंजी अंथरलेली, उदबत्तीचा वास, मशीनांवर इस्त्रीच्या चादरी घातलेल्या. अण्णांच्या मिसेस इरकल नेसून चिवड्याच्या बशा घेऊन उभ्या. अण्णा स्वतः पांढऱ्या शर्टात घामाघूम. सगळीकडं चिडीचूप. संस्कृती घरच्यांनी शिकवल्याप्रमाणे मान खाली घालून बसली होती, पण ताईंनी बघितलं, तिची नजर चादरीखालून दिसणाऱ्या लेथच्या चाकावर खिळली होती.

दगडाबाईंनी पाणी घेतलं, चहा घेतला. मग म्हणाल्या, “मानसं कुटं हायत?”

“सुट्टी दिली की,” अण्णा हात जोडून म्हणाले. “तुम्ही येणार म्हणून. उगं आवाज, तेलाचा वास, तुम्हाला त्रास नको.”

“व्हय व्हय,” दगडाबाई म्हणाल्या. मानसिंगनी चिवडा संपवला. उठताना दगडाबाई ताईंकडं वळल्या. “इचार करून कळवतो.”

हे तीन शब्द ज्यांच्या घरात मुलगी आहे त्यांना समजावून सांगायला नकोत.

घरी येऊन त्या गंगाधररावांपाशी अण्णांवर भरपूर चिडल्या. रांगोळी काय, इरकल काय, भर मंगळवारी मशीनं बंद ठेवतं का कुणी? गंगाधररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेपर खाली न ठेवता म्हणाले, “अगं, पण घर बघायला येतायत असं समजा, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?”

राग यायला नवऱ्याचंच वाक्य सोयीचं असतं, पण या वेळी तोही येईना. खरं दिसावं म्हणून काढलेला नियम, आणि आपणच त्याला पावडर लावून बसवला. पोरीचं एक वर्ष आपल्या एका फोनपायी जाणार, हा विचार बुधवारभर त्यांच्या मागं लागला. मानसिंगना चार फोन केले. उचलला नाही. अण्णा बिचारे तिकडून विचारत होते, “चिवडा आवडला नाही का हो, ताई?”

गुरुवारी ताईंनी ठरवलं, चूक आपली आहे तर वळसंगला जाऊन तोंडानं सांगायची. सकाळी दहाला त्या मानसिंगांच्या दारात उभ्या होत्या. मानसिंग गोठ्यात होते. ताईंना बघून गडबडले. “अवं ताई, फोन पोरीकडं असतोय, आनि आक्का तिला उचलू देईना. आता तर ती सकाळच्या यष्टीनं गेली की. संस्कृतीला घेऊन.”

“कुठं?”

“सांगून जाती व्हय ती? भाकरी बांदून घेतली आनि गेली.”

ताईंनी कपाळाला हात लावला. दुसरं घर बघायला तर नेलं नसेल? परतीच्या यष्टीत त्यांना बसवेना. एमआयडीसीचा फाटा आला तशी निदान अण्णांची तरी माफी मागावी म्हणून त्या खाली उतरल्या.

वर्कशॉपचा आवाज कोपऱ्यावरच कानावर आला. दारात रांगोळी नव्हती, ऑइलचा डाग होता. आत दहाबारा माणसं कामाला लागलेली. अण्णा तेलकट बनियनवर एका कारागिरावर ओरडत होते. मापं तपासायच्या टेबलापाशी अंबुबाई नावाची जुनी कामगारीण बसली होती, आणि तिच्या शेजारी लाकडी खोक्यावर मांडीत भाकरी घेऊन दगडाबाई. दोघी शेंगाचटणीची वाटणी करत होत्या. अंबुबाईचं मराठी निम्मं तेलुगू, दगडाबाईंचं निम्मं कानडी, आणि तरी दोघींचं छान जमलेलं दिसत होतं.

पलीकडं लेथवर संस्कृती. डोक्याला टोपी, डोळ्यांवर चष्मा, अंगावर अण्णांनी दिलेला ढगळ कोट. शेजारी म्हातारे मिस्त्री तात्याबा हाताची घडी घालून उभे. लोखंडाचा कीस निळसर होऊन गळत होता आणि पोरगी त्यात अशी गुंगली होती की ताई आल्याचं तिला कळलंही नाही.

“या बाई,” दगडाबाई म्हणाल्या, जणू वर्कशॉप त्यांचंच. “परवा आलो ते काय खरं न्हवतं. बंद घर बघून काय कळतंय? म्हनून आज न सांगता आलो.”

ताई कबुली द्यायच्या तयारीनंच आल्या होत्या. “आत्याबाई, ते माझ्यामुळं झालं. मीच अण्णांना नीट दिसू द्या म्हणून सांगितलं. माझं चुकलं.”

दगडाबाईंनी हातानंच ते बाजूला सारलं. “लोकं तसंच करत्यात. सात घरं बघितली मी, समद्यांनी चादरी घातल्या हुत्या. मी चादर उचलती एवडंच.” मग त्या जवळ सरकल्या. “ऐका. सकाळी आल्या आल्या त्यो म्हातारा पोरीला म्हनला, ओडनी काड, बांगड्या काड. माझं डोस्कंच फिरलं. उटलेच मी. तर त्यो मला म्हनला, आज्जी, ओडनी मशीनीत गुतली तर मान जाती. बांगडीत हात जातो. मी खाली बसले. म्हटलं, ज्याला माझ्या पोरीच्या मानंची काळजी हाय त्याच्याबद्दल आनखी काय इचारायचं?”

“आणि अण्णा ओरडतात त्याचं?”

“वरडतोय की. मंगळवारी लई ग्वाड बोलत हुता, तवा मला भ्या वाटलं. आज दोनदा वरडला, दोनी बारीला कामावर वरडला. आईबापावर गेला न्हाय.” थोडं थांबून त्यांनी शेवटचा निकाल दिला. “संडासाला आतनं कडी हाय. घट लागती.”

ताईंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. अकरा वर्षांत त्यांनी किती पाहणी अहवाल लिहिले होते, त्यातल्या एकातही एवढं नेमकं काही नव्हतं. त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. वरच्या ओळीत दगडाबाईंनी संस्कृतीनं शिकवलेली सही सावकाश केली. खालची ओळ रिकामी राहिली.

“इथं मानसिंगरावांची घेऊ उद्या सकाळी,” ताई म्हणाल्या. “मंगळवारी आले होते ते.”

“मंगळवारचं धरायचं न्हाय. त्यानं काय बघितलं? चिवडा.”

“मग दुसरं कोण? दोन माणसं लागतात.”

दगडाबाईंनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. घरं बघायची तीच नजर. “बाई, तुमी एवड्या पोरींला कामाला लावलाव. तुमच्या टायमाला तुमचं काम बगायला कोन आलतं?”

हा प्रश्न ताईंना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची निवड झाली होती, हे गंगाधररावांखेरीज फारसं कुणाला माहीतही नव्हतं. “वडील आले होते,” त्या म्हणाल्या. “गेटपर्यंत. बाहेर टपरीवर माणसं बसलेली बघितली आणि मागं फिरले. आत आलेच नाहीत.”

अंबुबाईनं हातातलं मापयंत्र खाली ठेवलं. दगडाबाई खोक्यावर एका बाजूला सरकल्या, आणि मोकळ्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, “बसा. आज तुमी आत आलाव की. घरच्या म्हनून बगा, आनि दुसरं नाव तुमचं घाला.”

नियमात हे बसत नव्हतं. नियम ताईंचाच होता, आणि तो मोडणाऱ्यांना त्यांनी आजवर बरीच बोलणी ऐकवली होती. त्या खोक्यावर बसल्या. तात्याबांनी मशीन थांबवलं, संस्कृतीनं कातलेला जॉब काढून माप घेतलं, पुसला, पुन्हा माप घेतलं, आणि वर बघितलं तेव्हा तिला समोर दोघी दिसल्या. ती हसली आणि तो तुकडा दाखवायला घेऊन आली. अजून कोमट होता. ताईंनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला, तिला सतरा प्रश्न विचारले, आणि मग गुडघ्यावर अर्ज ठेवून दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. पाचचा भोंगा झाला तरी त्या उठल्या नव्हत्या.