जांभळी काच

आमच्या मालकांचं एक हाय, चूक कधी त्यांची नसते. चहा सांडला तर कपाचा कान वाकडा. चप्पल सापडंना तर ती मी लपवली. आन् दिवाळीपासून रस्त्यावर नीट दिसंना झालं, तर दोष कुणाचा? गाडीच्या काचंवरल्या काळ्या फिल्मचा.

काळी कसली! आता पार जांभळी झालेली. जागोजागी फुगे आलेले, कडंची सालपटं निघालेली. गाडी मूळची आडतीवरल्या सावकाराची. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत होती आन् आमचे मालक त्यांचे ड्रायवर. त्या टायमाला काळ्या काचंचा लई रुबाब होता. सावकारानं हौसंनं समोरच्या काचंपासून मागच्या काचंपर्यंत सगळीकडं फिल्म मारून घेतली. पुढं त्यांची पोरं पुण्याला गेली, आडत मोडली, तवा ही जुनी इंडिका त्यांनी यांनाच देऊन टाकली. म्हणले, "अप्पा, हिला तूच सांभाळलंस, आता तुझ्याच दारात राहू दे." तवापासून ती आमच्या दारात हाय, आन् लेकरापेक्षा जास्ती लाड तिचेच होतात.

यांना सगळं गाव शिवलिंगअप्पा म्हणतं. मिसरूड फुटायच्या आधी ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर म्हणून चढले, आन् तवापासून चाकावरच. पण उभ्या जन्मात गाडीला एक ओरखडा न्हाई. कुणी भरधाव गेलं की म्हणायचे, "पुढं मसणवटाच हाय, जा लवकर." गाडी सुरू करायच्या आधी स्टेअरिंगला हात लावून तो हात दोन्ही डोळ्यांना लावायचा, ही त्यांची रीत. घाई असू दे, पाऊस असू दे, ती रीत कधी चुकली न्हाई.

आन् अशा माणसानं संक्रांतीच्या सुमाराला आमच्याच फाटकाला गाडी घासली. मी धावत बाहेर आले तर म्हणतात कसे, "ही जांभळी फिल्म! काही दिसू देती का?" मग बाजारात कांद्याच्या पोत्यावर चाक चढवलं. कांदेवाली अशी बोलली, अशी बोलली, की मला पदरानं तोंड झाकावं वाटलं. तवाबी फिल्मच. मग एकदा भर चौकात एका परक्या माणसाला "काय पाव्हणं, कवा आलाव?" म्हणून मिठी मारली. तिथं कुठं होती हो फिल्म? पण मी विचारलं न्हाई.

विचारलं न्हाई, कारण मला भ्या वाटत होतं. यांच्या वडलांचे, अण्णांचे, डोळे असेच गेले. आधी धुकट, मग आणखी धुकट, मग काहीच न्हाई. म्हातारं शेवटची कैक वर्षं ओसरीच्या खांबाला धरून बसायचं. दवाखान्याला कधी गेलंच न्हाई. "उन्हानं होतंय, जाईल," म्हणायचं. हे बोलणं मी सून म्हणून ऐकलेलं. आता तेच बायको म्हणून ऐकायची पाळी आली होती.

त्यात पूजेचं. आम्ही लिंगायत. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, आन् ती डोळे मिटून न्हाई, उघड्या डोळ्यांनी. समोर दिवा लावायचा आन् लिंगावर जो उजेडाचा ठिपका चमकतो, त्याच्यावर नजर ठेवायची. आम्ही दोघं रोज सकाळी शेजारी बसतो. लग्नापासूनचं. यांची नजर कधी हलायची न्हाई. आधी तळहात नाकाजवळ यायला लागला. मग एके दिवशी मी तिरक्या डोळ्यानं बघितलं तर यांचे डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशीबी तसंच. माझ्या हातातला बेल गळून पडला.

तरीबी मी मनाला सांगायचे, जगदेवे, फिल्मच असंल. खरंच जुनाट झालीय ती. फिल्म गेली की सगळं ठीक होईल.

हे सगळं कसंबसं दाबून चाललं होतं, पण मधी रुद्राणीचा विषय निघाला. आमची एकुलती एक लेक. तिला दिलीय मुखेडला. तिला सातवा लागला, पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. सासरच्यांनी तिला पाठवायला सोमवार धरला. मी आपलं सहज म्हणल्यासारखं केलं, "जावईबापूच सोडतील की. न्हाईतर कुणाची तरी गाडी करू."

हे भडकले. "माझ्या दारात गाडी असताना माझी लेक भाड्याच्या गाडीत येणार? लोक शेण घालतील तोंडात! मी आणणार. फिल्म तेवढी सोमवारी सकाळी जलीलकडून काढून घेऊ आन् तिथूनच मुखेडला."

बोला आता. पोटुशी लेक, तो वळणावळणाचा रस्ता, आन् स्टेअरिंगवर हे. जावयाला फोन करावा म्हणून कितीदा हातात घेतला आन् ठेवला. काय सांगणार? सासऱ्याला दिसत न्हाई म्हणून सांगू? उभ्या जन्माची अब्रू घालवू त्यांची?

सोमवारी धपाटे आन् शेंगाची चटणी पिशवीत बांधली, लेकीसाठी हिरवी साडी घेतली आन् गाडीत मागं बसले. देगलूर रोडवर जलीलचं सीट कव्हराचं दुकान. तिथंवर मी डोळे गच्च मिटून नुसती "ओम नमः शिवाय" म्हणत होते. हे म्हणतात, "झोप लागली का गं?" म्हणलं, "हाव, लागली."

जलील आमच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला, शेजारच्या बेगमबीचा लेक. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आन् हसला. "अप्पा, फिल्म हाय का वांग्याचं साल? लई चिकटलीय. टाइम लागंल."

"लागू दे," हे म्हणले, "पण साफ निघाली पाहिजे. मला काचंतून आरपार दिसलं पाहिजे."

"दिसंल की. का न्हाई दिसणार?"

मी मनात म्हणलं, जलील, तुझ्या तोंडात साखर पडो.

त्यानं आतून काचांवर साबणाचं पाणी मारलं, वर काळं प्लास्टिक चिकटवलं आन् गाडी उन्हात तापत ठेवली. मग गरम हवेची मशीन फिरवत कोपऱ्यातून नखानं फिल्म उचलायला लागला. मेली सरळ निघंल तर शपथ. चिंध्याचिंध्या होऊन यायची, आन् खाली डिंक तसाच. मग ब्लेडनं खरवडायचं, पुन्हा पाणी, पुन्हा खरवडायचं. एकेक चिंधी पडली की माझ्या जिवाला वाटायचं, बघ, किती घाण होती ती! हिच्यातून कुणाला दिसलं असतं? पुढच्या चिंधीला वाटायचं, आन् सगळी निघाली, तरी दिसलं न्हाई तर?

एकदा राहवलं न्हाई. समोर रस्त्यापलीकडं एक टपरी होती. म्हणलं, "तिच्यावर काय लिहिलंय हो?"

"पानटपरीवर पानच लिहिलेलं असणार, न्हाई तर काय ज्ञानेश्वरी?" म्हणून हे हसले. जलीलबी हसला. मीबी हसले. ती सायकल दुरुस्तीची टपरी होती.

तेवढ्यात रुद्राणीचा फोन. "अम्मा, निघालाव का? अप्पांना म्हणावं, सावकाश चालवा, मला धक्का सहन हुईना झालाय." मी "हाव गं बाई, हाव" म्हणले आन् फोन ठेवून तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले.

दुपार कलली तवा समोरची काच मोकळी झाली. मग बाजूच्या. खरं सांगते, अशी लख्ख झाली गाडी की ओळखू येईना. हे तोंड धुवायला मागच्या नळावर गेले होते. डिंक काढायच्या औषधाचा वास कोंडला होता, म्हणून जलीलनं ड्रायवरच्या बाजूची काच हँडल फिरवून पार खाली उतरवली आन् फडकं पिळायला लागला.

हे आले. दार उघडून बसले, दार ओढून घेतलं. स्टेअरिंगला हात लावला, तो डोळ्यांना लावला. समोर बघितलं. मी श्वास धरून उभी, पिशवी छातीशी.

"वा रे पठ्ठ्या!" हे म्हणले. "आता कसं आरसपानी झालं!"

माझ्या जिवात जीव आला. मी खरंच हसले. मग यांनी उजवीकडं मान वळवली, डोळे बारीक केले.

"जलील, ह्या काचंवरचा डिंक राह्यला की रं. धुकट दिसायलंय."

जलीलचा हात फडक्यावरच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. त्या दारात काचच नव्हती.

"कुठं अप्पा?" तो हळूच म्हणाला.

"हे काय, हितं!" म्हणून यांनी बोट लावून दाखवायला हात पुढं केला. बोट कशालाच लागलं न्हाई. हात तसाच बाहेर आला, कोपरापर्यंत, मोकळ्या हवेत.

हे तसेच बसले. हात बाहेर. मग हळूहळू मागं घेतला आन् दाराच्या कडंवरनं बोटं फिरवली. काच कुठं गेली ते चाचपत. कड हाताला लागली, तिच्या फटीत काच उतरलेली लागली. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ओरडून सांगावं की मीच उतरवायला लावली, माझी चूक, माझीच.

मग हे खाली उतरले. गाडीला हात लावत लावत पुढून वळसा घातला आन् डावीकडचं दार उघडून बसले. यांना त्या सीटवर बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

"जलील," हे म्हणले, "दुकान बंद करून मुखेडला येतो का? सावकाश चालवायचं बघ. पोरीला धक्का लागू नये."

"हाव अप्पा," तो म्हणाला आन् शटर ओढलं.

मी मागं बसले. जलीलनं चावी फिरवायच्या आधी हे म्हणले, "थांब." हात पुढं करून स्टेअरिंग चाचपलं, तो हात डोळ्यांना लावला. "हं, आता चल."

गाव मागं पडलं. मला रडू आवरंना, पदर तोंडात कोंबला. यांना कळलंच. मान न वळवता म्हणले, "उद्या लातूरला दवाखान्यात जाऊ. अण्णासारखं खांब धरून बसायचं न्हाई मला."

"हाव," मी म्हणले.

"तुला कवापास्नं म्हाईत होतं?"

"तुम्ही पूजंला डोळे मिटायला लागलाव, तवापास्नं."

"मला वाटलं, तू म्हणत असशील, नवरा लई ध्यानात बुडालाय."

"काहीबी!"

"मीबी तवाच वळखलं होतं, जगदेवी," हे म्हणले. "पण म्हणलं, आधी काच तर साफ करून बघू."

"माझंबी तेच चाललं होतं," मी म्हणले.