खिडकीतला रुमाल

शेजारच्या आबांना कंपवात आहे. दर महिन्याला मी त्यांना शहाद्याहून नंदुरबारला डॉक्टरकडे नेतो आणि दर महिन्याला माझं डोकं फिरतं. बस लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि लगेच मुतारीकडे निघायचं, हे त्यांचं ठरलेलं. त्यांना एकाचे दोन दिसतात. मागच्या खेपेला ते चुकून नवापूरच्या बसमध्ये चढले, तिथून उतरवून आणलं.

आज कंडक्टरने घंटी मारली, तरी यांचा पत्ता नाही. आले तेव्हा मी ओरडलोच, "आबा, घरूनच जाऊन येत जा ना!"

"तीन डाव जाई उनू, भाऊ." म्हणजे घरून तीनदा जाऊन आले होते.

वर चढवून त्यांना रुमालाच्या जागेवर बसवायला गेलो, तर ते दारापाशीच दांडा धरून थांबले.

"ती जागा तुन्हासाठे शे. माले कव्हय उतरनं पडी, भरवसा नई."