मूठभर तांबडी माती

शेजारी बोअर मारताहेत, दगडाच्या पिठाचा गरम वास घरभर झालाय. टिटवाळ्याला आमची विहीर आटली, त्या वर्षी अंगणात असाच करडा धुरळा सकाळपासून उडत होता. दुपारी बाबा वैतागून म्हणाले, "बंद करा, खाली नुसता कातळ आहे." आई म्हणाली, "अहो, अजून एक रॉड जाऊ दे ना." तो रॉड जाता जाता धुरळा तांबडा झाला. बोअरवाल्या तामिळी अण्णाने त्यातली ओलसर माती आईच्या हातावर ठेवली. "अम्मा, दबाओ." तिने मूठ आवळून उघडली. गोळा फुटला नाही. "पानी है," अण्णा हसला, आणि खरंच गढूळ पाणी उसळलं. तो गोळा आईने देव्हाऱ्यात ठेवला. ती गेल्यावर आज प्रथमच त्यावरच्या खुणांत मी माझी बोटं ठेवून पाहिली. केवढासा हात होता तिचा.