नसलेल्या जहाजाचं बुकिंग

वर्तमानपत्रात छापलेलं रद्दीत जातं आणि न छापलेलं डोक्यात साचत राहतं. ऐकायला कुणी असलं की ते रिकामं होतं. हल्ली माझ्या डोक्यात बरंच साचलंय.

अख्खी नोकरी मी या शहराच्या नळाला पाणी का येत नाही, यावर भांडलो. निवृत्तीनंतर नव्या, तरुण संपादकानं मला रविवारचं अर्धं पान दिलं. म्हणाला, "सर, पाण्यावर खूप लिहिलंत, आता समुद्रावर लिहा. पूर्वी जहाजांच्या सहली कशा सुरू झाल्या वगैरे. वाद नकोत."

पानं लावणारा शकील म्हणाला, "साब, गोरे लोगां जहाज में घूमते थे, अपने यहां टँकर घूमता."

* * *

पूर्वी जहाजं टपाल आणि माल न्यायची. प्रवासी म्हणजे मध्येच सोसायची अडचण. मग एका ब्रिटिश कंपनीनं भूमध्य समुद्रात निव्वळ सहली काढल्या आणि एका नावाजलेल्या लेखकाला फुकट तिकीट दिलं, त्यानं त्यावर लिहावं म्हणून.

मी लिहिलं, 'फुकटात फिरून गोडवे गाण्याची आपल्या धंद्यातली खोड तेव्हापासूनची.' संपादक नुकताच एका बिल्डरच्या खर्चानं दुबईला जाऊन आला होता. रविवारी ते वाक्य गायब. मी जाब विचारला.

"सर, जागा कमी पडली."

त्या जागी बिल्डरच्या टाऊनशिपचा फोटो होता.

* * *

एका जर्मन कंपनीची मोठी जहाजं हिवाळ्यात गिऱ्हाईक नाही म्हणून बंदरात उभी असायची. तिच्या प्रमुखानं ठरवलं, रिकामी ठेवण्यापेक्षा उबदार समुद्रात लोकांना फिरवून आणू.

शकील पान लावता लावता म्हणाला, "आप जैसाच हुआ ना साब. खाली खडे थे, तो पान दे दिया."

सगळे हसले, मीही हसलो. घरी जाऊन हे हिला सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं. मग कुलूप मीच उघडलं.

* * *

संपादकानं बजावलं, "महिनाअखेरपर्यंत एखादा तरी वाचक दाखवा, नाहीतर पान बंद." ते पान गेलं तर मला सकाळी पायांत चपला घालायला कारण उरणार नव्हतं.

एक पत्र आलं, हर्सूलहून. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं : 'तुमचे जहाजांचे सर्व लेख मी कापून ठेवतो. मागच्या बाजूला शब्दकोडं असतं.'

संपादक म्हणाला, "हा नाही धरायचा."

* * *

शेवटच्या रविवारी मी माझी लाडकी गोष्ट लिहिली. स्कॉटलंडजवळच्या एका बेटावर नवं वर्तमानपत्र निघालं. पहिल्याच अंकात संपादकानं अस्तित्वातच नसलेल्या जहाजाच्या सहलीची जाहिरात छापली. त्या जाहिरातीचं मराठी करून मी चौकटीत दिलं. शकीलनं सवयीनं चौकट उचलली आणि खाली, खऱ्या जाहिरातींत लावली.

सोमवारी पाचोडहून एक म्हातारे धनगर आले. कात्रण पुढं करून म्हणाले, "दोघांची नावं लिवा. मी अन् घरची. तिनं समुद्र नाय पाह्यला. लई दिस झोपूनच हाय, पर जाईन म्हन्ती."

मी सांगितलं, "बाबा, चूक आमची झाली. हे जहाज कधी नव्हतंच."

तोवर शकीलकडून कळून संपादक बाहेर आला. हातात मोबाइल, व्हिडिओ सुरू. "सर, हेच का ते? जहाजवाले आजोबा? मिळाला की तुम्हाला वाचक! काय आजोबा, कुठली खिडकी हवी?"

मागं दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

मी मोबाइलसमोर हात धरला. "वाचक नाहीत. माझे पाहुणे आहेत."

"बघा सर. मग पान बंद."

"कर."

त्यांना घेऊन मी खाली चहाच्या टपरीवर बसलो. चहा सांगितला. मग ते म्हणाले, "घरी काय सांगू? ती वाट बघत असंल."

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"लिवा की मग," ते म्हणाले. "नावं तर लिवा. लिवली म्हनून सांगतो."

मी वही काढली. त्यांनी दोन्ही नावं सावकाश सांगितली, मी लिहून घेतली. त्यांनी वाकून वहीत पाहिलं.

"अन् तुमच्या घरचे किती?"

"एकच," मी म्हणालो, आणि खाली तिसरं, माझं नाव लिहिलं.