दोन तालुक्यांएवढा देश
परदेशी चॉकलेटचा वास आला की मला मामांच्या पडवीतला कांदा आठवतो. मामेबहिणीला दौंडच्या, पण लक्झेंबर्गच्या बँकेत नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं होतं. तिला तो पसंत होता, मामांना पटवायचं काम माझ्याकडं होतं, कारण भाच्यांत मीच शहाणा अशी समजूत मीच पसरवलेली. शिरूरला मामांकडं गेलो, तेव्हा पडवीत कांद्याचा ढीग आणि त्याचा उग्र वास. मोबाईलवर देश पाठ केलेला होताच. "मामा, शिरूर आणि दौंड मिळून होईल एवढाच देश. पण राजघराणं आहे, पंतप्रधान आहे, जिकडं तिकडं बँका आणि एसटी सगळ्यांना फुकट!" मामा खुलले. "आन् पाणी?" कुठल्याही स्थळाला ते हेच विचारत. मी ऐटीत म्हणालो, "समुद्राचं नावच नाही, मामा! चारी बाजूंनी नुसती जमीन." मामांचा चेहरा पडला. "म्हंजी कोरडवाहूच की! पोर न्हाई द्यायची." मी नद्या आठवू लागलो, तर एकही सुचेना. तेवढ्यात चहा घेऊन आलेली बहीण म्हणाली, "आबा, मी काय तिथं ऊस लावाया चाललेय व्हय?" मामा एकदम हसले आणि होकार देऊन टाकला. परवा तिच्याकडून चॉकलेटचा डबा आला आणि मोबाईलवर नदीकाठच्या द्राक्षबागांचा फोटोही. मामांनी चष्मा लावून तो निरखला आणि मला म्हणाले, "गाढवा, बागायत हाय की ही! तवाच का न्हाई बोललास?"