भेटीचं रडणं
पेटीतली आजीची आरशांची ओढणी उचलली की तिच्या कवड्या किणकिणतात आणि मला साठ-एकसष्टचा तो उन्हाळा आठवतो. आजी मला घेऊन तांड्या-तांड्यांतून गणगोतातली लग्नं गाठत फिरत होती. उमरखेडच्या स्टँडवर आम्ही महागावच्या एस.टी.त चढणार, तोच समोरून तिची धाकटी बहीण आली. दोघींची कितीतरी वर्षांनी गाठ पडत होती. आम्हा बंजाऱ्यांच्या बायका अशा भेटल्या की गळ्यात पडून, सूर लावून रडतात, आणि ते रडणं मधेच तोडणं म्हणजे समोरचीचा अपमान. भर उन्हात दोघी हेल काढून मायबापाची, भावांची, मेलेल्या बैलांचीसुद्धा आठवण काढू लागल्या. दुपारची ती एकच गाडी. ती चुकली तर हळद चुकणार, म्हणून मी आजीचा घागरा ओढत होते. कंडक्टर खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि मला हळूच म्हणाला, "कोन गेलं व पोरी?" मी म्हटलं, "कोनी नाही गेलं, बहीन भेटली." "मंग रडून कायले राह्यल्या?" "भेटली म्हनून." तो हसेल असं वाटलं. त्यानं ड्रायव्हरला हात केला, "थांब गा, होऊ दे त्यायचं पुरं." अख्खी गाडी उन्हात थांबून राहिली. परवा त्याच स्टँडवर मला माझी बहीण भेटली. आम्ही हसलो, फोटो काढला. रडण्याचा तो सूर दोघींनाही येत नव्हता. गाडी अगदी वेळेवर सुटली.