वैष्णवीची हजेरी

आमच्या कक्षात किस्से गोळा करावे लागत नाहीत. खुर्चीत नुसतं बसून राहायचं, ते आपल्या पायानं दारात येतात. मी हसत हसत सांगते खरं, पण घरी गेल्यावर जेवण जात नाही.

मुरुम गावाच्या रस्त्याला आमचं मेडिकल कॉलेज. नाव विचारू नका, नोकरी आहे! मी ॲनाटॉमी शिकवते, वरून 'दिव्यांग विद्यार्थी कक्ष'ही माझ्याच गळ्यात. कक्षात विद्यार्थिनी एकच, लोहाऱ्याची वैष्णवी. लहानपणापासून दोन्ही पायांत जोर नाही, व्हीलचेअरवर असते. पोरगी लई हुशार. डिसेक्शन हॉल मात्र वरच्या मजल्यावर. मैत्रिणी कधी उचलून न्यायच्या, कधी राहून जायचं. आणि प्रॅक्टिकलची हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे वर्ष गेलंच!

*

आधी मी निदान मोठ्या दाराला रॅम्प मागितला. झाला! पण वरच्या टोकाला एक पायरी ठेवलेली. मी कंत्राटदाराला धरलं. "हे काय हो?"

"मॅडम, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून."

"अहो, आपल्याकडं नळाला पाणी येत नाही, रॅम्पवरून कुठलं येतंय?"

"आलं तर?" म्हणाला.

पायरी तशीच आहे. रॅम्पवर आता स्टाफच्या गाड्या लागतात. सावली चांगली पडते म्हणे.

*

दिव्यांग दिनाला वैष्णवीचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ, सगळं. स्टेजला पायऱ्याच, मग पोरांनी तिला खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. पाहुणे माईक सोडेनात. "जिद्द असली की कुठलीच पायरी उंच नसते!" टाळ्यांचा कडकडाट!

वैष्णवी माझ्या कानाला लागली. "मॅडम, माझं प्रॅक्टिकल सुरू झालं असंल."

भाषण संपेस्तोवर प्रॅक्टिकलही संपलं. मी आमच्या एचओडी सरांकडं धावले. सर म्हणाले, "सत्कार वेगळा, हजेरी वेगळी." गैरहजेरी लागली. नारळ तेवढा घरी नेला तिनं.

*

मग तिच्या अडचणींवर मीटिंग बसली. सरांनीच तिला विचारलं, "रस्त्यावर एखादा कोसळला तर तू खाली बसून त्याची छाती कशी दाबणार गं?"

सरांचा गुडघा बदललेला. वैष्णवी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही कशी दाबता?"

मला हसू आवरेना. सर तांबडेलाल! "मी आता ॲडमिनिस्ट्रेशन बघतो!" म्हणाले आणि मीटिंग उठली. अडचणी तशाच बसून राहिल्या.

*

शेवटी तिचे वडील, अण्णा, गाव सोडून इथं पाहुण्याकडं येऊन राहिले. रोज लेकीला पाठुंगळी घेऊन वर न्यायचे, हॉलच्या दारात सोडायचे. हजेरी लागायला लागली. मला वाटलं, सुटलो बाबा!

एक दिवस सरांनी अडवलं. "बाहेरच्या माणसाला या मजल्यावर परवानगी नाही."

अण्णांनी हात जोडले. "साहेब, म्या बाहेरचा न्हाय ओ. म्या तिचं पाय हाय."

"मग पायांचं आयकार्ड काढा!" सर म्हणाले.

अण्णांनी जोडलेले हात खाली घेतले. पेरणी तोंडावर आली होती, ते लोहाऱ्याला गेले. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

तुम्ही म्हणाल, लिफ्ट नाही का? आहे की, चकाचक! पण ती डिसेक्शनच्या मृतदेहांसाठी. जिवंत माणसाला बंदी, तशी पाटीच आहे. परवानगीचा माझा अर्ज अजून 'विचाराधीन'. लिफ्टवरचे मामा भला माणूस, पण त्यांना सक्त ताकीद होती, ट्रॉलीवर बॉडी असली तरच बटण दाबायचं.

टर्मचं शेवटचं प्रॅक्टिकल. हे चुकलं की वर्ष गेलं, हे वैष्णवीला ठाऊक होतं. मैत्रिणी आधीच वर गेलेल्या. ती लिफ्टसमोर येऊन थांबली.

"पोरी, माझी नोकरी जाईल गं," मामा रडकुंडीला आले.

शेजारी रिकामी ट्रॉली होती. वैष्णवीनं हाताच्या जोरावर अंग तिच्यावर ओढून घेतलं, आडवी झाली आणि पांढरी चादर तोंडावरून घेतली.

"मामा, आता न्या."

मामांनी बटण दाबलं.

वर सर हजेरी घेत होते, मी टेबलापाशी उभी. ट्रॉली आत आली तशी पोरं सवयीनं बाजूला सरकली. सरांनी वैष्णवीचं नाव पुकारलं.

चादरीखालून हात वर आला. "प्रेझेंट, सर!"



सरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "हजेरी उभं राहून द्यायची."